कापसाच्या वाटेवरचा धूर

१ सप्टेंबर १९९९ रोजी टेक्सासमधल्या लॉकहार्ट गावाच्या रस्त्यावरून पत्र्याचं एक घंगाळ ओढत नेलं गेलं. त्यात पेटते निखारे होते. जुन्या दुकानाच्या भट्टीतून ते काढले होते आणि त्याच गावात, थोड्याच अंतरावर बांधलेल्या एका कोठाराएवढ्या इमारतीतल्या नव्या भट्ट्या त्यांच्यावर पेटवायच्या होत्या. बघे होते, कॅमेरेवाले होते. काडेपेटी काय, कुठेही मिळते. पण ज्यांच्या आजीनं शेजारच्या चुलीतला विस्तव मागून आणलेला आहे, त्यांना या खटाटोपाचं फार नवल वाटायचं कारण नाही.

या मिरवणुकीमागे होती अस्सल भाऊबंदकी. दुकानाचं नाव क्राइट्स मार्केट. (स्पेलिंग बघून भलताच उच्चार करणारा पाहुणा गावात लगेच ओळखू येतो.) चार्ल्स क्राइट्स यांनी १९०० साली ते थाटलं. १९४८ मध्ये ते एडगर श्मिट यांनी विकत घेतलं. गावासाठी ते ‘स्मिटी’. स्मिटींनी धंदा दिला मुलांना आणि इमारत ठेवली मुलीच्या नावे. १९९० मध्ये ते वारले, आणि पुढे व्हायचं तेच झालं: भाड्यावरून भाऊ-बहिणीचं जमेना. भावानं नाव आणि निखारे उचलले आणि नवी जागा गाठली. बहिणीनं जुन्या इमारतीत, जुन्याच काळ्याकुट्ट भट्ट्यांवर ‘स्मिटीज मार्केट’ सुरू केलं. एकाकडे नाव, दुसरीकडे वास्तू, आणि खाणाऱ्यांची चंगळ. त्याच १९९९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहानं लॉकहार्टला राज्याची ‘बार्बेक्यू राजधानी’ ठरवलं. १९३२ पासून चालत आलेलं ‘ब्लॅक्स’ आणि १९७८ मध्ये निघालेलं ‘चिझम ट्रेल’ ही दोन दुकानंही याच गावातली. म्हणजे वस्ती तालुक्याच्या गावाहूनही लहान, आणि मांस भाजणारी नावाजलेली दुकानं निदान चार.

बार्बेक्यूसाठी गाडी काढून निघणाऱ्याच्या नकाशावर लॉकहार्टचा ठिपका ठरलेलाच असतो. बाकीचे ठिपकेही बहुतेकांचे तेच. ऑस्टिन शहर मध्ये धरायचं. दक्षिणेला पन्नासएक किलोमीटरवर लॉकहार्ट, तिथून पुढे पंचवीसवर लुलिंग. ईशान्येला टेलर, त्याच्या खाली एल्गिन. आणि आणखी पूर्वेला, शनिवार सोडून कुणी वाट वाकडी करून जाणार नाही असं लेक्सिंग्टन. दोन दिवसांत सगळं पदरात पडतं. पण हा नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट खटकते. मोठा हमरस्ता, सॅन अँटोनियोहून ऑस्टिनमार्गे डॅलसकडे जाणारा, या गावांना जवळजवळ टाळूनच जातो. प्रवाशांच्या सोयीसाठी ही दुकानं निघालेलीच नाहीत. ती निघाली वेगळ्याच गिऱ्हाइकासाठी, आणि त्याचा माग काढायचा तर डांबर सोडून मातीत उतरावं लागतं.

टेक्सासच्या मध्यातून उत्तर-दक्षिण असा काळ्या मातीचा एक लांबलचक पट्टा गेला आहे. उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा, पावसात बूट गिळणारा चिखल. मृदाशास्त्रज्ञ तिला ज्या गटात घालतात, त्याच गटात विदर्भ-मराठवाड्याची काळी कसदार जमीनही मोडते. अर्थात पीकही तेच: कापूस. या पट्ट्याच्या पूर्वेला वाळूमिश्रित जमीन लागते, आणि तिथे वाढतो पोस्ट ओक, संथ जळणारा, सौम्य धूर देणारा. टेलर, एल्गिन, लॉकहार्ट, लुलिंग ही गावं या दोन जमिनींच्या सांध्यावर किंवा त्याच्या आसपास वसली आहेत. एका हाताला कापूस, दुसऱ्या हाताला सरपण.

कापसाच्या या गोष्टीत वऱ्हाडाचाही धागा आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना, तेव्हा खामगाव-अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरबाजाराला ऊत आला. युद्ध संपलं, १८६५ मध्ये मुंबईचा फुगा फुटला आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात उतरला. मग टेक्सासच्या काळ्या जमिनीत रूळ शिरले. एल्गिन १८७२, लुलिंग १८७४, टेलर १८७६: तिन्ही गावांचा जन्म रेल्वेच्या पोटी, एकाच दशकातला. इकडे नागपूरपर्यंत १८६७ मध्ये गाडी पोहोचली होती. एकाच पिकानं पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच सुमारास स्टेशनं उभी केली.

रूळ आले, पाठोपाठ माणसं आली. जर्मन तर आधीपासूनच येत होते. जर्मन सरदार-उमरावांच्या एका मंडळीनं १८४०च्या दशकात टेक्सासमध्ये वसाहतीच काढल्या. न्यू ब्राउनफेल्स १८४५ मधलं, फ्रेडरिक्सबर्ग १८४६ मधलं. मागून चेक आले. त्यांच्यातल्या खाटकांनी गावागावांत मांसाची दुकानं घातली. तेव्हा फ्रिज नव्हते. जनावर कापलं की चांगले तुकडे सकाळी खपायचे. उरलेल्या चिवट भागाचं काय करायचं? मायदेशातून आणलेलं ज्ञान कामी आलं: बारीक करून आतड्यात भरायचं, नाहीतर धुरावर धरायचं. एल्गिनच्या साउथसाइड मार्केटचा इतिहास सांगतात तो असाच. १८८२ मध्ये विल्यम मून नावाचा खाटीक दारोदार मांस विकत फिरे, मग त्यानं दुकान टाकलं, आणि आज एल्गिनची ख्याती आहे ती बीफच्या तिखट सॉसेजसाठी. त्याला गावकरी लाडानं ‘हॉट गट्स’ म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत गरम आतडी.

म्हणजे ही मुळात खानावळ नव्हतीच. ते मटणाचं दुकान होतं, आणि मागच्या अंगाला धूर निघत होता. आजही तिथल्या खाण्यात ज्या चमत्कारिक गोष्टी दिसतात, त्या या एका गोष्टीनं उलगडतात. ताट का नाही? कारण खाटीक मांस कागदात गुंडाळून देतो. मांस वजनावर का? कारण तराजू समोरच आहे. सोबत खारी बिस्किटं, कच्चा कांदा, लोणच्यातली काकडी, चीजचा तुकडा असलंच काही का? कारण दुकानाच्या अर्ध्या भागात किराणा होता. फळीवर असेल ते घ्या आणि खा. सकाळी सकाळी का उघडतात? खाटीक सकाळीच उघडतो. क्राइट्समध्ये तर कित्येक दशकं काटा नव्हता आणि सॉसही नव्हता. या गोष्टीचा आज थाटमाट होतो, तिच्या पाट्या रंगवल्या जातात. तेव्हा ती निव्वळ गैरसोय होती.

आणि ही गैरसोय सोसणारं गिऱ्हाईक कोण? कापूस वेचणारे.

वेचणीच्या हंगामात दक्षिण टेक्सासपासून उत्तरेकडे, बोंडं जशी फुटत जातील तसतसे मजुरांचे तांडे सरकत. त्यांत मेक्सिकन होते, कृष्णवर्णीय होते. दिवसभर पाठीला पिशवी लावून वाकायचं आणि मजुरी मिळाली की गावात यायचं. गावातली हॉटेलं मात्र गोऱ्यांसाठी. खाटकाच्या दुकानात तेवढं मागच्या दारानं का होईना, पैसे टाकले की मांस मिळे. कागदावर घ्यायचं, आवारात उकिडवं बसून हातानं खायचं. रॉब वॉल्श या खाद्यलेखकानं टेक्सासच्या बार्बेक्यूचा इतिहास धुंडाळताना या वेचणाऱ्यांवर बोट ठेवलं, आणि ते पटण्यासारखं आहे. एरवी एवढ्याशा गावात रोज एवढं भाजलेलं मांस संपवणार कोण?

स्मिटीजच्या जुन्या बाकांशी साखळ्या आहेत. त्यांना पूर्वी सुऱ्या बांधलेल्या असत. गिऱ्हाइकानं मांस कापायचं आणि सुरी तिथेच सोडायची. आता सुऱ्या नाहीत, साखळ्यांचे अवशेष आहेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात.

जर्मन खाटकाची गोष्ट मासिकांना आवडते, कारण ती नीटनेटकी आहे: दुकानाचं नाव, स्थापनेचं साल, भिंतीवर आजोबांची तसबीर. पण खड्ड्यात निखारे टाकून, वर आख्खं जनावर ठेवून रात्रभर भाजायची रीत जर्मनीहून आलेली नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्दच ‘बार्बाकोआ’वरून आलेला, कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. अमेरिकेच्या दक्षिणेत ते काम शतकानुशतकं गुलामांच्या हाताला होतं. १९ जून १८६५ ला गॅल्व्हस्टनमध्ये सुटकेचा हुकूम वाचला गेला. त्या दिवसाचा सण पुढल्या वर्षापासून सुरू झाला आणि खड्ड्यावरच्या जेवणाशिवाय तो कधीच पुरा झाला नाही. जर्मनांनी दुकान दिलं, सॉसेज दिलं. रात्र जागवणारे हात बऱ्याचदा दुसऱ्यांचे होते आणि त्यांच्या तसबिरी भिंतीवर फारशा नाहीत. टेक्सासच्या बार्बेक्यूवर जे ढीगभर लिहिलं गेलं, त्यातली ही उणीव अलीकडे कुठे भरून निघू लागली आहे.

‘कुठे थांबायचं’ हे आधी ठरवून गाडीनं निघणं सगळ्यांसाठी मौजेचं नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमननं १९३६ पासून एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोणत्या गावात जेवायला मिळेल, झोपायला मिळेल, पेट्रोल मिळेल याची ती यादी होती. ‘ग्रीन बुक’ तीस वर्षं निघत राहिलं. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि लवकरच त्याची गरज सरली. मधल्या टेक्सासचे तेच रस्ते, तीच गावं, आणि हातात एक वेगळीच यादी.

आता जरा भट्टीपाशी. स्मिटीजमध्ये मागच्या बाजूनं शिरलं की पहिल्यांदा दिसतो तो विस्तव, तोही जमिनीवर, उघडा, रांगेतल्या माणसाच्या पायांपासून हातभर अंतरावर. विटांच्या लांब, कमरेएवढ्या भट्टीच्या एका टोकाला ओकचे ओंडके जळत असतात आणि धुराड्याच्या ओढीनं उष्णता व धूर दुसऱ्या टोकाकडे मांसावरून सरकत जातात. भिंती डांबर फासल्यासारख्या काळ्या. ऑगस्टमध्ये बाहेर चाळीस अंश, आत त्याहून जास्त, आणि रांग जागची हलत नाही. मसाला म्हणाल तर मीठ, मिरपूड, फार तर लाल तिखट. मसाल्यांच्या डब्याशिवाय पान न हलणाऱ्या मराठी जिभेला हे उघडंबोडकं वाटेल. पण इथे धूर हाच मसाला.

सगळा मान आज ब्रिस्केटला, म्हणजे जनावराच्या छातीच्या भागाला. गाय-बैल शरीराचा बराचसा भार याच स्नायूवर घेतात, म्हणून तो कमालीचा चिवट. भराभर भाजला तर चपलेचा तळ. साधारण ११० ते १३० अंशांवर दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त ठेवला, तर त्यातलं कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं आणि तुकडा बोटावर धरला की दोन्ही बाजूंनी लवतो. मध्येच एक वेळ अशी येते की मांसाचं तापमान पासष्ट-सत्तर अंशांपाशी अडून बसतं, तासन्‌तास वर सरकत नाही. कारण साधं आहे: माठातलं पाणी ज्यामुळे गार राहतं त्यामुळेच. पृष्ठभागावरचा ओलावा उडत राहतो आणि उष्णता घेऊन जातो. नवशिका इथेच घाबरून लाकडं सारतो आणि सगळं वाया घालवतो.

ब्रिस्केट हा परंपरेचा आत्मा वगैरे असल्याचं जाहिराती सांगतात, पण तो या घरात तसा उशिरा आलेला. जुने खाटीक पुढचा अख्खा भाग भाजत. खांद्याच्या मांसाला मोठा मान होता, आणि क्राइट्समध्ये त्याची आठवण अजून जपली आहे. १९६० नंतर मोठ्या कत्तलखान्यांनी जनावराचे ठराविक तुकडे करून, प्लास्टिकमध्ये बंद करून खोक्यांतून पाठवायला सुरुवात केली. आयोवातल्या आयबीपी कंपनीनं १९६७ मध्ये हा प्रकार चांगलाच रूढ केला. मग ज्याला जे हवं ते खोकं मागवता येऊ लागलं. स्वस्तात मिळणारं, कुणाला नको असलेलं खोकं होतं ब्रिस्केटचं. म्हणजे ज्याला आज ‘परंपरा’ म्हणतात, तिची एक बाजू कारखान्यातून आली आहे.

या रांगड्या खाण्याला राजमान्यता मिळाली ती मात्र एका विचित्र प्रसंगी. केनेडींच्या हत्येला जेमतेम पाच आठवडे झाले होते. नवे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आपल्या टेक्सासमधल्या शेतावर होते आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर लुडविग एरहार्ट पाहुणे म्हणून येणार होते. जॉन्सन यांच्या कारकिर्दीतली ही पहिली शाही मेजवानी, २९ डिसेंबर १९६३ ची. बेत उघड्यावरचा होता, पण थंडी पडली म्हणून सगळा सरंजाम स्टोनवॉल गावच्या शाळेच्या जिममध्ये हलवावा लागला. फोर्ट वर्थचे वॉल्टर जेटन यांनी ब्रिस्केट आणि फासळ्या भाजल्या, सोबत बीन्स आणि कोबीचं सॅलड. व्हॅन क्लायबर्न यांनी पियानो वाजवला. जर्मनीच्या प्रमुखाला हे जेवण वाढलं गेलं ते जर्मनांनी वसवलेल्या फ्रेडरिक्सबर्गपासून काही मैलांवर.

तरीही १९९० पर्यंत यातली बहुतेक दुकानं आपापल्या परिसरापुरतीच होती. वारी सुरू झाली ती एका मासिकामुळे. ऑस्टिनहून १९७३ पासून निघणाऱ्या ‘टेक्सास मंथली’नं १९९७ मध्ये राज्यातल्या पन्नास उत्तम बार्बेक्यू ठिकाणांची यादी छापली आणि पुढे दर चार-पाच वर्षांनी ती नव्यानं येऊ लागली. वार्ताहर गुपचूप जायचे, पैसे देऊन खायचे, एका दिवसात अनेक ठिकाणी खायचे. यादी निघाली की माणसं अंक गाडीत टाकून निघायची. २०१३ मध्ये मासिकानं चक्क बार्बेक्यू-संपादक हे पद निर्माण केलं आणि मूळचे वास्तुविशारद असलेले डॅनियल व्हॉन त्या खुर्चीत बसले. त्याच वर्षी आलेल्या पुस्तकासाठी ते टेक्सासभर हजारो मैल हिंडले होते. पोटाचं काय झालं असेल, हा प्रश्न प्रत्येक वाचकाला पडतो.

या यादीची ताकद कळली २००८ मध्ये. पहिला क्रमांक मिळाला लेक्सिंग्टनच्या ‘स्नोज’ला. सव्वा हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, पाच वर्षांपूर्वी उघडलेलं दुकान, आणि तेही फक्त शनिवारी, सकाळी आठ वाजता. भट्टीवर टूट्सी टोमानेट्झ. जन्म १९३५ चा. १९६६ मध्ये शेजारच्या गिडिंग्जमधल्या एका मांसाच्या दुकानात त्या कामाला लागल्या, पुढे नवऱ्याबरोबर लेक्सिंग्टनमध्ये स्वतःचं दुकान चालवलं. स्नोजमध्ये नावारूपाला आल्यावरही आठवड्याचे बाकीचे दिवस त्या एका शाळेत झाडलोट-दुरुस्तीचं काम करीत होत्या. शुक्रवारची रात्र सरायच्या आत भट्टीवर हजर. ऐंशी ओलांडल्यावरही फावड्यानं निखारे उचलून मांसाखाली पसरणाऱ्या या बाई. थर्मामीटरपेक्षा हाताच्या पंजावर त्यांचा भरवसा जास्त. २०१८ मध्ये त्यांचं नाव ‘बार्बेक्यू हॉल ऑफ फेम’मध्ये गेलं. बायकांचं हे काम नव्हे असं मानणाऱ्या धंद्यात त्यांनी कसलंही भाषण न करता निम्मं शतक काढलं.

स्नोजनंतर सगळ्यांचंच वेळापत्रक बदललं. सकाळी आठची वेळ खाटकाची होती; आता तिच्यासाठी लोक मध्यरात्री खुर्च्या घेऊन येतात. ऑस्टिनमध्ये २००९ मध्ये एका ट्रेलरमधून सुरू झालेल्या ‘फ्रँकलिन’समोर तासन्‌तासांची रांग हाच एक सोहळा झाला. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा आले ते थेट रांगेच्या पुढे गेले आणि मागच्या कुटुंबाचं बिल भरून त्यांनी ते साजरं केलं. २०२४ मध्ये मिशेलिनचे तारेही टेक्सासच्या चार बार्बेक्यूवाल्यांना मिळाले. उकिडवं बसून खायच्या मांसाला मिशेलिन! त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गुराढोरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर होती. कुणालाच नको म्हणून स्वस्त असलेलं ब्रिस्केटचं खोकं आज दुकानदाराची झोप उडवतं.

म्हणून निघणाऱ्यानं शनिवार धरूनच बेत आखावा: पहाटे लेक्सिंग्टन, मग पश्चिमेला टेलर, खाली एल्गिन, संध्याकाळी लॉकहार्ट. लुलिंगचं ‘सिटी मार्केट’ हे दुकान रविवारी बंद, हे विसरू नये. घोळक्यातल्या बीफ न खाणाऱ्यांसाठी टर्की किंवा चिकन बहुतेक ठिकाणी असतं. शाकाहाऱ्यानं मात्र बीन्सवर विसंबू नये, त्यातही बऱ्याचदा मांस असतं. त्याच्या वाट्याला बटाट्याचं सॅलड, पांढरा पाव आणि तो जुना किराणा, म्हणजे कांदा नि काकडी.

टेलरला जाताना वाळू संपून काळी माती सुरू होते ती डोळ्यांना कळते. हंगाम असेल तर कापूसही दिसतो, पण शेतात माणूस नाही. यंत्र वेचतं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मोठमोठे गठ्ठे मागे सोडत जातं. गावाबाहेर सॅमसंगचा चिप बनवायचा अवाढव्य कारखाना उभा राहतो आहे. २०२१ मध्ये त्याची घोषणा झाली. आणि गावात लुई म्यूलर यांचं दुकान. १९४९ पासूनचा धूर, १९५९ पासून याच इमारतीत. आत एका फळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापली व्हिजिटिंग कार्डं टोचून ठेवलेली आहेत. नव्या कार्डांवरची नावं वाचता येतात. जुनी आधी पिवळी, मग तपकिरी, आणि सगळ्यांत जुनी भिंतीच्याच रंगाची झाली आहेत.